कलम तिसरं : राब भाजू नये

वणव्याचं पत्रक मी जव्हारात लिहिलं, खिडकी लावून घेऊन, कारण रस्त्यावरची धूळ शाईत पडत होती. नऊ कलमं होती. पहिलं, दर पाड्याने आगीचा पहारा नेमावा. दुसरं, शिट्टीची खूण ठरवावी. तिसरं, राब भाजू नये. तिसऱ्याखाली मी जाड रेघ मारली आणि नाशकाच्या छापखान्याला बजावलं की बाकी काही चुकलं तरी चालेल, रेघ चुकता कामा नये. रेघ बरोबर छापून आली.

राब म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकाला सांगायला हवं. जिथे रोपं करायची त्या तुकड्यावर शेण पसरतात, त्यावर झाडांचा टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून मातीचा हात. पावसाआधी हे सगळं भाजतात. तण मरतं, राख मुरते आणि नाचणीचं रोप जोमाने उठतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर नाचणी नाही. पत्रक लिहिताना हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं. 'भाजू नये' लिहायला दोन शब्द लागतात. मग त्याऐवजी करावं काय, हे सांगणारं दहावं कलम मला सुचलं नाही, आणि सुचलं नाही याची लाजही तेव्हा वाटली नाही.

माझ्या बाजूनेही थोडं सांगतो. दर उन्हाळ्यात डोंगरावरून आग धावायची आणि दर उन्हाळ्यात जव्हारच्या ओसऱ्यांवर एकच बोलणं चालायचं: हे रानटी लोक रान पेटवतात, यांना वर ठेवलंच कशाला. पान लावता लावता माणसं हे बोलत. माझे वडील कचेरीत कारकून. त्यांच्याकडे येणारे बोलत, आणि वडील मान हलवत. मला त्या मान हलवण्याचा संताप यायचा. आम्ही चार-पाच तरुणांनी मंडळ काढलं ते त्यातूनच. माझं गणित सरळ होतं. पाड्यांना आगीचं शिक्षण द्यायचं, पहाऱ्याच्या याद्या करायच्या, कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवून द्यायचं. मग पुढच्या उन्हाळ्यात बोट दाखवणाऱ्याच्या तोंडावर ती यादी मारायची. हे गणित चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण तिसरं कलम कुठून आलं? त्याच ओसऱ्यांवरून आलं. ज्यांच्याशी भांडायला निघालो होतो त्यांचाच आरोप मी नीटनेटक्या अक्षरात उतरवून घेतला आणि त्याखाली रेघ मारली.

साखरशेत गावात पत्रक वाचलं तेव्हा लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. तिथे भाताची खाचरं, रान लांब. टाळ्यांचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला आणि माघात सूर्यमाळच्या डोंगराच्या अंगाला चढलो.

त्या पाड्यावर घरं थोडी, सगळी गवताने शाकारलेली. पाड्याचा कारभारी म्हणजे सगळ्यांत वयस्कर माणूस. उन्हाने सुकलेला, बोलण्यात घाई नसलेला. डोंगरात अहो-जाहो नसतं. त्याने मला पहिल्या वाक्यापासून 'तू' म्हटलं आणि मी मास्तर नसताना मास्तर म्हटलं. मी नऊ कलमं वाचून दाखवली आणि पत्रकाच्या प्रती त्याच्या हातात दिल्या. त्याने त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या.

"छपरात खोचून ठेवतो," तो म्हणाला. "आग आली तर आधी तुझं जळंल, मग आमचं."

लोक हसले. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी कवायत घेतली. पुरुषांना एका रांगेत उभं केलं, प्रत्येकाच्या हातात गोणपाट दिलं, आणि शिट्टी वाजली की रानाच्या कडेला धावत जाऊन रांग धरायची असं समजावलं. शिट्टी वाजवली. कुत्री धावली. माणसं एकमेकांकडे पाहत राहिली, मग माझ्यावर उपकार केल्यासारखी चालत गेली. मला राग आला, आणि रागात मी चौथं कलम काढलं: दर घराने दारात पाण्याची दोन मडकी भरून ठेवावीत, गोणपाट भिजवायला.

तेव्हा एक बाई बोलली. तिचा नवरा आदल्या वर्षी तापाने गेला होता. दोन लहान पोरं आणि रानाच्या अगदी तोंडावरचा जमिनीचा तुकडा, एवढं तिचं होतं. तिने विचारलं, माघातच झरा इतका खाली गेलाय, चैत्रात दोन मडकी आगीला ठेवली तर पोरांनी काय प्यायचं. मी म्हणालो, संकटासाठी थोडी तोशीस सोसावी लागते.

"तू सोस ना मग," ती म्हणाली. "उद्या सकाळी झऱ्यावर ये. डोक्यावर चुंबळ मी देते."

मी गेलो नाही. हेही लिहून ठेवतो.

तिच्याबद्दल कारभाऱ्याने मला वेगळं बसवून सांगितलं. पाड्यातली सगळीच घरं दिवाळी झाली की थोडीफार माणसं 'जगायला' पाठवतात. जगायला जाणं म्हणजे घाट उतरून ठाण्या-कल्याणकडे कामाला जाणं. मिळेल ते, मिळेल तिथे, उघड्यावर झोपून. ही बाई कधी गेली नव्हती. पोरं लहान, बरोबर कोणी मोठं माणूस नाही. तिच्या तुकड्यावर नाचणी नीट आली तर होळीपर्यंत पुरते आणि पुढचं ती कंदमुळांवर काढते. नाचणी बुडाली तर पोरांना घेऊन खाली जायचं. दुसरं काही नव्हतं.

आणि राबाचंही त्याने सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. आधी रानाच्या तोंडावरचा राब भाजायचा, म्हणजे तिचा. तो भाजेपर्यंत कोणी आपल्या राबाला विस्तव लावत नाही, आणि त्या दिवशी प्रत्येक घरातलं एक माणूस हिरवी फांदी घेऊन तिथे हजर राहतं. भाजायचं पहाटे, वारा उठायच्या आत. आणि वारा जिकडे जाणार त्या बाजूने पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडी रांगत रांगत, हळू मागे येते. हळू भाजलं की जमीन खालपर्यंत तापते. मग एकेका घराचा राब, पाड्याकडे येत येत. असं झालं की चैत्र संपायच्या आत रान आणि घरं यांच्यामध्ये काळी जमीन पडते, आणि खालून वणवा आलाच तर त्याला खायला काही उरत नाही.

थोडक्यात, पाड्याजवळ आगीची तयारी होती. कोण आधी, कोण मागून, कोणी कुठे उभं राहायचं, सगळं ठरलेलं. मी ते ऐकलं आणि वहीत लिहिलं नाही. वहीत कलमं होती.

त्या वर्षी उतारावरची झाडं तोडायचा ठेका एका व्यापाऱ्याने घेतला होता. त्याचा मुकादम खाली तळ ठोकून होता, आणि तोडलेले ओंडके पाड्याच्या पलीकडच्या अंगाला, गाडीवाटेवर रचले जात होते. मुकादम मला साहेब म्हणायचा. तसं म्हणणारा त्या डोंगरात तो एकटाच, आणि त्याचा परिणाम माझ्यावर झाला हे कबूल करतो. तोडलेल्या झाडांचा टहाळ तिथेच पडून वाळत होता, पण मुकादम पाड्यातल्या कोणाला त्याला हात लावू देत नव्हता. आणि रानातून टहाळ काढायला तर मनाईच. नुसत्या पाल्यावर राब कसा होणार?

मी मुकादमाशी भांडलो. दोन दिवस भांडलो. शेवटी कागद झाला: पाड्याने टहाळ हवा तेवढा न्यावा, मात्र ओंडक्यांच्या गाड्या होळीच्या आत निघतील, आणि त्या जाईपर्यंत पाड्यात कोणी राब भाजू नये. मला विजय झाल्यासारखं वाटलं. ठेकेदाराच्या माणसाने पाड्याशी कागद केला होता! आणि वर तिसरं कलमही साधलं होतं, निदान होळीपर्यंत. राब रचला आणि भाजला नाही तर तो दारात बसलेला विस्तवच, असं कारभारी म्हणाला. मी म्हणालो, होळीपर्यंतचाच प्रश्न आहे, माझा शब्द. माझ्या शब्दावर त्याने अंगठा दिला.

टहाळ मुबलक आला. तसे राब पाड्याने कित्येक वर्षांत रचले नव्हते. बाईचा तर गुडघ्याच्या वर. कातळापासून ओहोळापर्यंत तिचा तुकडा पसरलेला, आणि त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाळलेला टहाळ, वर पाला, वर गवत. वरची माती तिने घातली नाही. भाजायच्या आदल्या दिवशी घालतात, नाहीतर वारा उडवून नेतो.

होळी आली. गाड्या आल्या नाहीत. बैल लग्नसराईच्या भाड्याला गेलेत, मुकादम म्हणाला. आठ दिवसांत येतील. आठ दिवस गेले. चैत्र लागला. दुपारी वारा उठायला लागला, आधी थोडा, मग रोज जास्त. तिचा राब अडला म्हणून सगळ्यांचे अडले, कारण तिच्या आधी कोणी लावणार नव्हतं. मोखाड्याच्या बाजाराला जाणारी माणसं परत येऊन सांगत की दुसऱ्या पाड्यांवर भाजून झालं. मी रोज मुकादमाकडे जायचो, रोज आवाज चढवायचो, आणि रोज 'उद्या, साहेब' ऐकून वर यायचो. कागद मोडायचं माझ्या मनात आलं नाही. कागद मी लिहिला होता.

एका पहाटे बाई खापरीत विस्तव घेऊन आपल्या तुकड्याकडे निघाली. मागे तिची पोरगी मडकं घेऊन, आणि मागोमाग हिरव्या फांद्या घेतलेली माणसं, कारभारीसुद्धा. मला कोणी उठवलं नव्हतं; आवाजाने मी उठलो आणि धावत जाऊन तिच्या वाटेत उभा राहिलो. म्हणालो, कागद मोडला तर पुढच्या वर्षी टहाळ नाही, आणि ओसऱ्यांवर बसलेल्यांना आयतं मिळेल की हे लोक दिलेला शब्द पाळत नाहीत.

"शब्द तू दिलास," ती म्हणाली.

"पाड्यासाठी दिला."

"मग पाडा म्हणतोय पेटव. बाजूला हो."

मी बाजूला झालो नाही. पोरीच्या डोक्यावरचं मडकं ओढून घेतलं आणि खापरीवर ओतलं. सगळं. विस्तव विझला आणि पाणी तिच्या पायाशी जमिनीत गेलं. ते पाणी झऱ्यावरून आणायला पहाटेच्या किती आधी उठावं लागतं ते मी कधी जाऊन पाहिलं नव्हतं. कारभाऱ्याने हातातली फांदी खाली टाकली आणि तो घराकडे वळला. त्या दिवसापासून मला कोणी जेवायला बोलावलं नाही. पाण्याचं तर नावच नको.

वणवा त्यानंतर दोन दिवसांनी आला, दुपारी. कुठून आला याबद्दल जव्हारात अजून वाद घालतात. मी नंतर उतारावर जाऊन पाहिलं: मुकादमाच्या माणसांनी दुपारचं रांधलं होतं त्या तीन दगडांपासून काळा पट्टा निघून वर चढत गेला होता. ज्याला वाद घालायचा असेल त्याने माझ्याबरोबर चलावं.

धूर दिसला तशी मी शिट्टी वाजवली. एक सांगतो, या वेळी माणसं धावली. शिकवलं होतं तशी रानाच्या कडेला रांग धरली. गोणपाट भिजवायला मडकी नव्हतीच. कोरड्या गोणपाटांनी आम्ही गवतावर झोडपत राहिलो. वारा आमच्या तोंडावर. आग माणसाच्या डोक्याच्या वर गेली, गोणपाटंच पेटायला लागली, आणि मी रांग सोडू नका म्हणून ओरडत होतो. मागे काय आहे याचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. मागे तिचा गुडघाभर वाळलेला राब होता, त्याच्यामागे बाकीच्यांचे, त्यांच्यामागे गवताची घरं. ठिणगी एकदा राबात पडली असती तर पाड्यातली म्हातारी माणसं घरातून निघू शकली नसती.

कारभाऱ्याने मला दंडाला धरून मागे ओढलं. शिवी दिली, ती लिहीत नाही. रांग मोडून त्याने सगळ्यांना तिच्या तुकड्याच्या घराकडच्या कडेला नेलं, हिरव्या फांद्या तोडायला लावल्या. ती बाई एकटी पलीकडच्या कडेला, आगीकडे पाठ करून उभी होती. हातात पेटतं लाकूड. कारभाऱ्याने हात वर केला आणि तिने आपला राब पेटवला, वारा येत होता त्या बाजूने. जे त्यांच्यात कोणी कधी करत नाही ते. टोकापासून टोकापर्यंत लावत पळत गेली आणि कातळावर चढली.

राब एकदम भडकला. वाऱ्याने तो आमच्याकडे लोटला, आणि कडेला उभ्या सगळ्यांनी, बायकांनी, पुरुषांनी, फांद्यांनी झोडपून तो तिथेच थांबवला. गवत खरवडून कड मोकळी केलेली असते, तीच कामाला आली. थोड्या वेळात तुकडा काळा झाला. मागून वणवा आला तेव्हा त्याला तिथे काही मिळालं नाही. एका बाजूला कातळ, एका बाजूला ओहोळाचे धोंडे. तो तिथे बसला आणि संध्याकाळपर्यंत धुमसत राहिला. एकही घर गेलं नाही. ओंडकेही गेले नाहीत. ठेकेदाराची रास जशीच्या तशी उभी होती.

ती कातळावरून उतरली आणि आपल्या तुकड्यात जाऊन वाकली. बोट जमिनीत खुपसून पाहिलं. वरचं सगळं जळालं होतं, पण भसकन जळालेलं. खाली जमीन गारच. वारा राख उचलून कातळाकडे नेत होता, आणि ती धरून ठेवायला वर मातीचा हात नव्हता; त्या पहाटेच्या आदल्या दिवशी घातलेला वाऱ्याने केव्हाच नेला होता. तिने पुन्हा दुसरीकडे बोट खुपसलं. मग हात पुसले आणि पोरांना शोधायला गेली.

तिसऱ्या दिवशी मुकादम कागद घेऊन वर आला. आपल्या ओंडक्यांभोवती एक फेरी मारली, समाधानाने. मग कारभाऱ्याला म्हणाला की गाड्या जायच्या आत राब पेटवला, कागद मोडला, पुढच्या वर्षी टहाळ विसरा. मी त्याच्या अंगावर गेलो. त्याचा माल वाचला तो कोणामुळे, आग लागली ती कुठून, बैल कुठे आहेत, जे जे तोंडात आलं ते बोललो. तो माझ्याकडे न पाहता कागदाची घडी घालत राहिला.

"अक्षर तुमचंच आहे, साहेब," तो म्हणाला.

कारभाऱ्याने मला गप्प राहायला सांगितलं. म्हणाला, तू बोललास की आमचं वाढतं. बाकीच्या घरांनी त्याच आठवड्यात आपले राब भाजले, पहाटे, रांगत्या आगीने, जुन्या रीतीने. मुकादम खालून धूर पाहत होता. आता त्याच्याकडे नाही म्हणायला काही नव्हतं, आणि त्यांच्याकडे गमवायला.

पावसात मी वर गेलो तेव्हा तिच्या तुकड्यावर तणच माजलं होतं. नाचणीचं रोप त्यात शोधावं लागत होतं. पाड्याने तिला टाकलं नाही. लावणी झाल्यावर ज्याच्याकडे रोपं उरली त्याने जुडी दोन जुड्या आणून दिल्या. पण उरलेलं रोप म्हणजे जून रोप. ते जमिनीत धरतं, कणसाला येत नाही. आमच्या मंडळात मी हे सगळं मांडलं आणि म्हणालो की तिला वर्षाचं धान्य देणं आपलं काम आहे. अध्यक्षस्थानी आम्ही एका वडीलधाऱ्याला बसवलं होतं, ते म्हणाले की अशी प्रथा पाडली तर उद्या प्रत्येक पाडा हात पसरेल. पाड्याने हात पसरलाच नव्हता, असं मी सांगितलं, आणि त्यांच्या ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना काय वाटेल याची पर्वा न करता आणखीही काही सांगितलं. त्यानंतर मी मंडळात गेलो नाही. धान्य मी घरातून नेलं, एक गोणी, वडिलांशी भांडून. तिने ती दारात तशीच ठेवली. पुढच्या बाजाराला कारभाऱ्याच्या हाती गोणी परत आली, तोंड न सोडलेली.

दिवाळी झाल्यावर ती मला घाटात भेटली. पाड्यातली जगायला निघालेली माणसं होती, त्यांच्यात ती. डोक्यावर बोचकं, कडेवर धाकटा, पोरगी पुढे चालत. मी चढत होतो, ते उतरत होते. बाकीचे माझ्या बाजूने निघून गेले. ती थांबली, म्हणून मीही थांबलो. जव्हारात घरकामाला जागा बघतो, खाली जाऊ नकोस, असं मी म्हणालो. घाईघाईने म्हणालो, वाटेत पाठ केल्यासारखं.

"तू काय काय बघशील आमचं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मग बोचकं नीट केलं. "होळीला मी येनार. माझा राब मी लावीन. त्या दिसांत तू वर येऊ नको."

मी बरं म्हणालो. ती खाली गेली. पोरगी बरीच पुढे गेली होती, तिला हाक मारत गेली.

होळीनंतर मोखाड्याच्या बाजारात मी पाड्यातल्या माणसाला विचारलं. त्याने आधी मिठाची पुडी बांधून घेतली. मग म्हणाला, आली. धाकटा खाली तापाने आजारी होता, पण दोन्ही पोरं घेऊन आली. राब तिचाच पहिला भाजला, नुसत्या पाल्याचा, सगळा पाडा होता.

मी वर गेलो नाही.